दोनशे चौदा चिमटे

शुक्रवारी दुपारी चार वाजता आपण 'सेट' हा शब्द संपादकबाईंच्या टेबलावर नेऊन ठेवणार, आणि त्यानंतर त्या शब्दाबद्दल तोंड उघडायला कुणाला जागाच उरणार नाही, असं कोशकाकांनी दूधवाल्यापासून विमा एजंटापर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. "एका शब्दाला दोन महिने?" असं दूधवाल्याने विचारलं, तेव्हा काका नुसते हसले. जो माणूस रोज सकाळी "दूध" एवढा एकच शब्द बोलतो, त्याच्याशी काय वाद घालायचा!

कोशकाका हे काही त्यांचं नाव नव्हे. इंग्रजी-मराठी कोशाच्या कचेरीसाठी ते अकरा वर्षं घरी बसून नोंदी लिहीत होते, म्हणून इमारतीने त्यांना कोशकाका करून टाकलं आणि ओघानेच त्यांच्या बायकोला काकू. नोंद म्हणजे एक शब्द, त्याचे सगळे अर्थ, आणि तो मुळात आला कुठून याची हकिकत. अकरा वर्षांत काकांच्या वाट्याला मोठा शब्द कधी आला नव्हता. मोठे शब्द वजनदार मंडळींकडे जात आणि काकांकडे येत ते एक अर्थाचे, फार तर दीड अर्थाचे.

कोशाचा एक नियम होता. दोनशेच्या वर अर्थांची नोंद जो एकहाती लिहील, त्याचं नाव पहिल्या पानावर. बाकीच्यांची नावं शेवटी, बारीक टायपात, 'यांचेही साहाय्य झाले' या मथळ्याखाली. काका त्या शेवटच्या पानावर तीन खंडांत तीन वेळा छापले गेले होते, त्यातल्या एकदा चुकीच्या आडनावाने. आता चौथा आणि शेवटचा खंड चालू होता. 'सेट' ज्यांच्याकडे होता त्या गृहस्थांची कंबर धरली, आणि संपादकबाईंनी नाइलाजाने तो काकांना दिला. देताना एवढंच म्हणाल्या, "दोन महिन्यांनी, शुक्रवारी, मंडळाची बैठक आहे. चार वाजता नोंद पुरी हवी. नसेल तर मला ती दुसऱ्याला द्यावी लागेल. पुढचा खंड नाही, तुम्हाला माहीतच आहे."

हे काकांना माहीत होतं. त्यांच्या झोपेलाही माहीत होतं.

आता हा शब्द इंग्रजीत दिसायला तीन अक्षरांचा, पण त्याची खोड तुम्हाला ठाऊक नाही. टेबल मांडणं म्हणजे सेट. घड्याळ लावणं म्हणजे सेट. मोडलेलं हाड बसवणं, अंगठीत खडा बसवणं, जेली गोठणं, सिमेंट धरणं, सूर्य बुडणं, केस वळवणं, सापळा लावणं, प्रश्नपत्रिका काढणं, आग लावणं, प्रवासाला निघणं, हे सगळं सेट. नाटकाचं नेपथ्य सेट, टेनिसचा डाव सेट, भांड्यांचा संच सेट, गणितातला समूह सेट, आणि अंड्यांवर कोंबडी बसवणं हेही सेटच. काकांनी एकेका अर्थाला एकेक चिठ्ठी दिली. चिठ्ठीवर अर्थ आणि एक उदाहरण. मोजल्या तर भरल्या दोनशे चौदा.

प्रश्न होता तो क्रमाचा. कोणता अर्थ कोणत्या अर्थाच्या पोटातून निघाला, हे त्या क्रमातून दिसायला हवं. आज वाटतं जेली हाडानंतर यावी, उद्या वाटतं सिमेंट आधी यावं आणि जेलीने त्याच्यामागून यावं. चिठ्ठ्यांना आकडे घालावेत तर रोज खाडाखोड. म्हणून काकांनी स्वतःची पद्धत काढली. स्वयंपाकघरापासून झोपायच्या खोलीपर्यंत त्यांनी पाच दोऱ्या बांधल्या आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी चिठ्ठ्या टांगल्या. क्रम बदलला की चिमटा काढायचा आणि दुसरीकडे लावायचा. "आकडे कशाला हवेत? जागा हाच आकडा," असं ते येईल त्याला सांगत. दोन महिने घरात माणसं वाकून चालत होती.

घरातले चिमटे संपले तेव्हा काकूंनी आणखी आणून दिले. दोऱ्या गेल्या म्हणून त्या ओल्या कपड्यांची बादली घेऊन वरच्या मजल्यावरच्या ताईंकडे वाळत घालायला जात. तक्रार केली नाही. फक्त बादली जरा जोरात ठेवत.

काकूंची सगळी नोकरी एका मोठ्या रुग्णालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये गेली होती, अठ्ठावीस वर्षं. रोग्यांचे कागद आले की लावायचे, मागितले की काढून द्यायचे. डॉक्टर अर्धं नाव सांगत आणि काकू शिडीवर चढून पूर्ण माणूस खाली आणत. त्यामुळे घरभर लोंबणारा कागद बघून त्यांना काय होत असेल ते त्यांनाच ठाऊक. तरीही रात्री जेवताना काका 'सेट'च्या गोष्टी सांगत आणि त्या ऐकत.

"गंमत ऐक," काका एकदा म्हणाले. "हा एक शब्दच नाही मुळी. बसवणे, ठेवणे, लावणे या अर्थांचा जुन्या इंग्रजीतला सेट वेगळा, 'बसणे'च्या कुळातला. आणि संच, गट, टोळकं या अर्थांचा सेट वेगळा. तो लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आला, 'मागून जाणे'च्या कुळातला. दोन घराण्यांतले दोन शब्द, एकाच रूपात येऊन राहिले आणि पुढे कुणाचं काय हे त्यांचं त्यांनाही कळेनासं झालं."

"म्हणजे आपल्यासारखंच की," काकू म्हणाल्या आणि भात वाढायला उठल्या. काकांनी हे वाक्य टिपून घेतलं नाही, कारण ते कुठल्याच अर्थाचं उदाहरण नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी शेवटचा चिमटा लागला. काका स्वयंपाकघरातून निघून पाचही दोऱ्यांखालून झोपायच्या खोलीपर्यंत चालत गेले आणि कुठेही थांबावंसं वाटलं नाही. "झालं," ते म्हणाले. "आता उद्या हे उतरवायचं, ओळीने आकडे घालायचे आणि न्यायचं. तासाभराचं काम." आणि शुक्रवारी सकाळी, मंडळापुढे नीट दिसावं म्हणून, ते केस कापायला गेले.

इथेच त्यांचं चुकलं. केस तसे फार नव्हते. पण दुकानात गर्दी होती, आणि न्हाव्याला 'सेट' या शब्दाचा एक अर्थ त्याच्या धंद्यातला आहे हे सांगितल्यावर त्याने इतर अर्थ विचारले. काकांनी तेही सांगितले. परत येताना इस्त्रीवाल्याकडून कोट घेऊन अंगात चढवला, एक नवी फाइल घेतली, आणि बारा वाजता दार उघडून आत आले ते न वाकता. वाकायची गरजच पडली नाही. दोऱ्या नव्हत्या.

जेवणाच्या टेबलावर छत्तीस पाकिटं एका रांगेत उभी होती. प्रत्येक पाकिटावर ठसठशीत अक्षर: अ, आ, उ, क, ख. शेजारी एक यादी, लाल शाईने आखलेली. काकू पदराला हात पुसत उभ्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो काकांनी त्या निवृत्त झाल्यापासून पाहिला नव्हता.

"म्हटलं, तुम्ही येईपर्यंत उतरवून ठेवावं," त्या म्हणाल्या. "आणि लावूनही टाकलं. आता बाईंनी 'गोठणे' मागितलं की 'ग' उघडायचा, गोठणे हातात. 'बसवणे' मागितलं की 'ब'. अडीच तास लागले. तुमचं अक्षर वाचता वाचता डोळे मात्र गेले हो माझे."

काकांनी हातातली नवी फाइल खुर्चीवर ठेवली. दोन महिन्यांचा क्रम कुठेही लिहिलेला नव्हता. तो दोऱ्यांवर होता, आणि दोऱ्या गुंडाळून खिडकीत ठेवल्या होत्या. जेली 'ग'मध्ये, सिमेंट 'ध'मध्ये आणि कोंबडी कुठे गेली होती कोण जाणे. पहिलं पान डोळ्यांसमोरून गेलं, आणि शेवटचं पान सावकाश पुढे येऊन उभं राहिलं. चुकीच्या आडनावासकट.

"कसं झालंय?" काकूंनी विचारलं.

"छान," काका म्हणाले. खरं म्हणजे त्यांना रडू येत होतं. पण हिने आपल्यासाठी अडीच तास उभं राहून केलंय, आणि हिच्या हातच्या कामाला आजवर आपण एकदाही 'छान' म्हटलेलं नाही, हे त्यांना त्याच क्षणी आठवलं. म्हणून ते पुन्हा एकदा म्हणाले, "फार छान."

काकूंची डोळ्यांच्या डॉक्टरांकडे साडेबाराची वेळ होती. "तीनपर्यंत येते. मग जाऊ दे तुमची स्वारी," असं म्हणत त्या निघाल्या. जिन्यावरचा त्यांचा आवाज थांबेपर्यंत काका हसऱ्या चेहऱ्याने दारात उभे राहिले. मग धावत जाऊन त्यांनी खिडकीतल्या दोऱ्या पुन्हा बांधल्या आणि छत्तीसही पाकिटं टेबलावर उलटी केली.

पहिल्या दोरीवरच्या अकरा चिठ्ठ्या झटक्यात लागल्या. बारावीला हात अडला. हाड आधी की खडा? कालपर्यंत काकांना ते आपल्या नावासारखं माहीत होतं. आता लक्षात आलं की त्यांना क्रम माहीतच नव्हता. त्यांना एवढंच माहीत होतं, की हाताशी फ्रिज आला की वर बघायचं.

एक वाजता दार वाजलं. प्लंबर होता. स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करायला तो गेल्या महिन्यात चारदा येऊन गेला होता आणि आज पाचव्यांदा आला होता. त्याने काकांचा घामेजलेला चेहरा बघितला, दोरीकडे बघितलं, आणि म्हणाला, "काका, ही कोंबडी इथे नव्हती."

"काय?"

"ही कोंबडीवाली चिठ्ठी सिंकच्या वर होती. चार दिवस माझ्या डोक्यावर होती, मला नाही आठवणार? तिच्या डावीकडे आग लावणे आणि उजवीकडे ते काहीतरी सापळ्याचं."

काकांनी त्याचे दोन्ही खांदे धरले. नळ राहू दे, म्हणाले. तू तिथे होतास तसाच परत सिंकखाली जा आणि वर बघ.

आणि तिथून त्यांना ती कल्पना सुचली. गेल्या दोन महिन्यांत या घरात जो जो आला होता, तो कुठल्या ना कुठल्या अर्थाखाली उभा राहिला होता. म्हणजे शब्द हरवलेला नव्हता. तो इमारतीभर वाटला गेला होता, आणि नुसता गोळा करायचा होता.

काकांनी फोन करकरून एकेकाला बोलावलं. वरच्या मजल्यावरच्या ताई आल्या. कपाळावर हात फिरवत म्हणाल्या, "पॅसेजमध्ये वळताना मला रोज 'सूर्य बुडणे' लागायचा. इथेच." विमा एजंट आला. तो दोनदा येऊन दोन-दोन तास बसून गेला होता, आणि काका त्याचं काही ऐकत नसल्यामुळे त्याला समोरच्या चार चिठ्ठ्या वाचण्यापलीकडे उद्योग नव्हता. त्याने सोफ्यावर आपल्या जागी बसून चारही घडाघडा म्हटल्या. मीटर वाचणारा माणूस आला, तो स्टुलावर चढला. पोस्टमन आला, पण तो दारातच उभा राहत असल्याने त्याला एकच चिठ्ठी आठवत होती, आणि ती त्याने अतिशय खात्रीने सांगितली. प्रत्येकाने जाता जाता आणखी एकेकाचं नाव सुचवलं, आणि कोणीच गेलं मात्र नाही. अडीच वाजेपर्यंत घरात पंधरा माणसं आपापल्या जागी उभी होती आणि दाराबाहेर चपलांचा ढीग झाला होता.

आणि मग भांडण लागलं.

"जेली माझ्या डोक्यावर होती," ताई म्हणाल्या.

"शक्यच नाही. तिथे नाटकाचा सेट होता," एजंट सोफ्यावरून म्हणाला.

"तुम्ही बसून होतात. बसलेल्याला काय दिसतंय?"

"बसलेल्यालाच दिसतं. तुम्ही वाकून जात होतात."

मीटरवाला वरून म्हणाला, की आपल्याला तर दोन्हीच्या मध्ये टेनिस होतं असं आठवतं. जो जे सांगेल तिथे काका चिमटा लावत होते आणि दुसऱ्याने मान हलवली की काढत होते. घड्याळात पावणेतीन झाले. काकांनी शेवटी हात जोडले. "हे बघा, माझं नाव पहिल्या पानावर जायचंय. अकरा वर्षांनी. कुणी बोलू नका, हलू नका, आपल्या आपल्या जागी मान खाली घाला, डोळे मिटा आणि त्या दिवशी इथे काय दिसलं होतं ते आठवा." मंडळी भली होती. सगळ्यांनी माना खाली घातल्या. घर एकदम गप्प झालं. तेवढ्यात काकांच्या हातातून एक चिठ्ठी निसटून टेबलाखाली गेली, आणि ती शोधायला काका जमिनीवर आडवे झाले.

काकू आल्या त्या नेमक्या तेव्हा.

डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घातले होते. त्यांना सगळं धूसर दिसत होतं. आधी दिसला चपलांचा ढीग. मग उघडं दार. मग आपल्या घरात माना खाली घालून, डोळे मिटून उभी असलेली माणसं, आणि त्यांच्या मधोमध जमिनीवर इस्त्रीच्या कोटात आडवा झालेला आपला नवरा.

काकूंच्या हातातली पिशवी खाली पडली. "कधी?" त्यांनी विचारलं.

एजंटाने एक डोळा उघडला. गप्प राहायला सांगितलं होतं म्हणून तो अगदी हळू बोलला. "बाराच्या सुमाराला सुरू झालं म्हणे. तुम्ही गेलात आणि त्यांना काही सुचेनासं झालं."

"मी होते तेव्हा तर बरे होते."

"तुमच्यासमोर दाखवलं नाही त्यांनी," ताई म्हणाल्या. त्यांचा गळा मघाच्या भांडणाने बसला होता. "शेवटपर्यंत तुम्हाला कळू द्यायचं नाही, असं आम्हाला बजावून सांगितलं हो."

"माझी वाटसुद्धा नाही बघितली," काकू म्हणाल्या, आणि जिथे होत्या तिथेच भिंतीला टेकून खाली बसल्या. चौतीस वर्षांचा संसार होता. त्यात या माणसाला त्यांनी शेवटची जी तक्रार ऐकवली ती 'तुमचं अक्षर वाचता वाचता डोळे गेले' ही होती, आणि आता ती परत घेता येणार नव्हती.

"अगं, सापडली," टेबलाखालून आवाज आला. काका कोपरावर उठले. "तू? तीन वाजले?"

काकूंनी पुढे होऊन आधी काकांचा हात धरून बघितला. मग तोच हात झटकून टाकला आणि तोंडाला पदर लावून रडायला लागल्या. पंधरा माणसांना काय करावं ते कळेना. प्लंबर सिंकखालून म्हणाला, "मी बाहेर येऊ का?"

त्यानंतर काकांना खरं सांगणं भागच होतं. खाली मान घालून त्यांनी सगळं सांगितलं. क्रम होता, तो दोरीवर होता, तो गेला. पाकिटं सुंदर होती, पण चुकीची होती. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही. चारला बैठक आहे, आणि आता शब्द दुसऱ्याला जाईल, आणि जाऊ दे.

काकूंनी डोळे पुसले. मघाच्या रडण्याची जागा आता रागाने घेतली होती. "म्हणजे मी कागद जागेवरून हलवले, आणि तुम्हाला वाटलं मी ते तसेच हलवले?"

"तसेच म्हणजे?"

"अठ्ठावीस वर्षं मी काय भाजी निवडत होते? रेकॉर्ड जागेवरून काढायच्या आधी त्याची जुनी जागा मागे लिहायची असते. पहिल्या दिवशी शिकवतात. कुठलीही चिठ्ठी घ्या आणि उलटी करा."

काकांनी हातातली चिठ्ठी उलटी केली. मागे कोपऱ्यात, पेन्सिलीने, मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं: 'हॉल, दोरी ३, चिमटा २२.'

त्यांनी दुसरी उलटी केली. 'पॅसेज, दोरी २, चिमटा ९.' तिसरी केली. घरात पंधरा माणसं आणि दोनशे चौदा चिठ्ठ्या होत्या, आणि दोन तासांत एकानेही एकही चिठ्ठी उलटी करून बघितली नव्हती.

"विचारायचं तरी," काकू म्हणाल्या. "नुसतं विचारायचं होतं हो." दोन महिने शब्दाचा कोपरान् कोपरा तपासणाऱ्या माणसाला घरात एक साधा प्रश्न विचारायचं सुचलं नाही, याला कोशातही शब्द नसावा.

मग मात्र काकू खुर्चीवर बसल्या. त्यांना दिसत नव्हतं, म्हणून त्या फक्त हुकूम सोडत होत्या. दोरी एकवाले इकडे, दोरी दोनवाले खिडकीपाशी, चिठ्ठी वाचायची आणि मोठ्याने आकडा सांगायचा. पंधरा माणसं शाळेतल्यासारखी कामाला लागली. वीस मिनिटांत दोनशे चौदा चिठ्ठ्या क्रमाने टेबलावर होत्या. त्यात एक गोष्ट उघड झाली, की ताईंची जेली, एजंटाच्या चारही चिठ्ठ्या आणि मीटरवाल्याचं टेनिस, यांतलं एकही खरं नव्हतं. पोस्टमन तर भलत्याच घरातलं आठवत होता. एक प्लंबर तेवढा बरोबर निघाला, आणि पुढे कित्येक दिवस तो नळाबद्दल काही बोललं की कोंबडीचा विषय काढत असे.

आकडे घालायला आता वेळ नव्हता. काका गठ्ठा तसाच फाइलमध्ये घालून पळाले आणि चारला दोन मिनिटं असताना कचेरीत पोचले.

संपादकबाई कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी चिठ्ठ्या एकेक करून वाचायला सुरुवात केली. दोन्ही घराण्यांची हकिकत वाचली. हाड, खडा, जेली, सिमेंट, सगळं ओळीने पाहिलं आणि कुठेही थांबल्या नाहीत. मंडळातल्या दोघांनी माना डोलावल्या. काकांनी कोटाची गुंडी धरून ठेवली. मग बाईंनी एक चिठ्ठी सहज उलटी केली, आणि मग दुसरी केली.

"'स्वयंपाकघर, दोरी १, चिमटा ७'," त्यांनी वाचलं. "ही कुठली पद्धत? प्रत्येक चिठ्ठीवर आहे?"

"प्रत्येक," काका म्हणाले.

"म्हणजे हा गठ्ठा माझ्या हातून आत्ता खाली पडला तरी कुणालाही परत लावता येईल. चार खंड झाले, आपल्याकडे हे कुणी केलेलं नाही. तुमची कल्पना?"

खोलीत सगळे काकांकडे बघत होते. एकहाती नोंद, असा नियम होता. 'हो' म्हटलं की पहिलं पान पक्कं होतं. 'हो' हा शब्दही काही अवघड नव्हता. त्याला एकच अर्थ होता.

"नाही," काका म्हणाले. "बायकोची. मी तर सगळं घालवूनच बसलो होतो." आणि एकदा तोंड उघडलंच आहे तर म्हणून त्यांनी केस कापण्यापासून कोंबडीपर्यंत सगळं सांगितलं. मंडळातले एक वयस्कर सदस्य हसून हसून खोकायला लागले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "कळवू."

घरी आल्यावर काकूंनी विचारलं, "काय झालं?" काका म्हणाले, "कळवणार आहेत." दोघांनाही कळवण्याचा अर्थ माहीत होता. त्या रात्री काकूंनी वरणाला काकांना आवडते तशी लसणाची फोडणी दिली, आणि काका न विचारताच म्हणाले, "छान झालंय."

आठ दिवसांनी कचेरीचं पत्र आलं. काकांनी दारातच पोस्टमनच्या हातून ते ओढून घेतलं आणि पाकिटावरचं नाव वाचून परत नीट वाचलं. पत्र काकूंच्या नावाने होतं.

काकूंनी ते चष्मा लावून सावकाश वाचलं. कोशाच्या कचेरीत चार खंडांच्या मिळून लाखभर चिठ्ठ्या कपाटांत कोंबून ठेवलेल्या आहेत, त्या लावण्यासाठी अनुभवी व्यक्तीची नितांत गरज आहे, आपण हे काम स्वीकारावं अशी मंडळाची एकमताने विनंती आहे, स्वतंत्र खोली आणि शिडी देण्यात येईल, वगैरे दीड पान. काकू ते वाचत असताना काका त्यांच्याभोवती घिरट्या घालत होते. "माझं काही आहे का त्यात? शेवटी बघ. ताकीद वगैरे असेल तर सांगून टाक." काकूंनी कागदावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "थांबा हो जरा."

पत्राच्या तळाशी, सहीच्या वर, एक ओळ होती. 'आपल्या यजमानांची नोंद एकहाती म्हणून मान्य झाली असून त्यांचे नाव पहिल्या पानावर जाईल, हे कृपया त्यांना कळवावे.'

काकूंनी ते त्यांना कळवलं. पण आधी पत्रावर आल्याची तारीख घातली, स्वतःचं उत्तर लिहिलं, ते पाकिटात बंद केलं, आणि मग.